योहान न्यूहॉफ : ज्या डच कारभाऱ्याच्या चित्रांमधून युरोपनं चीन पाहिला

चीनमधल्या नानजिंग शहरात एक मनोरा होता. पांढऱ्या चिनी मातीच्या विटांनी मढवलेला, आठ बाजूंचा आणि नऊ मजल्यांचा.

पण सतराव्या शतकात युरोपातल्या लोकांनी हा मनोरा पुस्तकातल्या चित्रात पाहिला, तेव्हा तो त्यांना दहा मजली दिसला. गंमत म्हणजे त्याच पुस्तकाच्या मजकुरात मजले नऊच सांगितले होते. मजकुरातला आकडा मागे पडला, चित्र मात्र युरोपभर फिरलं.

त्या पुस्तकावर नाव होतं योहान न्यूहॉफ. हा माणूस कुठल्या राजाचा दरबारी चित्रकार नव्हता. तो डच ईस्ट इंडिया कंपनीचा साधा नोकर होता आणि चीनच्या प्रवासात त्याचं मुख्य काम होतं वरिष्ठांच्या राहण्या-जेवणाची सोय बघणं. तरीही त्याच्या नावाची चित्रं पुढे राजवाड्यांतल्या पडद्यांवर, घरातल्या फरश्यांवर आणि मातीच्या भांड्यांवर उमटली. चीनला कधीही न गेलेल्या युरोपियनांनी चीन कसा दिसतो हे ठरवलं, ते बहुतांशी याच चित्रांवरून.

आता प्रश्न असा की, न्यूहॉफनं जे काढलं तेच लोकांनी पाहिलं का? याचं नीट उत्तर मिळायला १९८४ साल उजाडावं लागलं. पण ती गोष्ट शेवटी. आधी बघू, हा माणूस चीनला पोहोचला कसा.

सुरुवात झाली भांड्यांपासून

आपण ज्याला चिनी माती म्हणतो, तिच्या नावातच तिचं गाव आहे. पातळ, पांढरी, टणटणीत वाजणारी भांडी बनवायची विद्या शेकडो वर्षं चीनकडे होती आणि युरोपला ती जमत नव्हती. चीनमधलं जिंगडेझेन हे शहर या भांड्यांचं सगळ्यात मोठं केंद्र. पांढऱ्यावर निळ्या नक्षीची तिथली भांडी जगभर जायची.

१५५७ च्या सुमारास पोर्तुगीज मकाऊमध्ये बस्तान बसवून होते, त्यामुळे युरोपशी होणारा चिनी व्यापार त्यांच्या हातात होता. डच लोक या खेळात उशिरा उतरले. डच म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांतले वलंदेज. त्यांच्या वखारीचे अवशेष आजही आपल्या वेंगुर्ल्यात आहेत. १६०२ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी आशियाच्या समुद्रात 'सांता कातारिना' नावाचं पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यावरचा माल १६०४ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये लिलावात निघाला. त्यात चिनी भांड्यांचा प्रचंड साठा होता. फ्रान्स आणि इंग्लंडच्या राजांसाठीही खरेदी झाली. डच बाजाराला चिनी भांड्यांचं वेड लागलं ते इथून.

पण लुटीवर कायमचा धंदा चालत नाही. डचांना चीनशी थेट व्यापार हवा होता. १६२२ मध्ये त्यांनी मकाऊवर हल्ला केला, तो फसला. १६२४ मध्ये त्यांनी तैवानमध्ये किल्ला बांधला आणि चिनी व्यापाऱ्यांमार्फत माल घ्यायला सुरुवात केली. या काळात देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी सुरू होती. डच लोक त्यांना हव्या त्या आकाराचे लाकडी नमुने चीनला पाठवायचे आणि चिनी कारागीर त्या मापाची, युरोपातल्या जेवणाच्या टेबलावर शोभतील अशी भांडी बनवून द्यायचे.

मग १६४४ मध्ये बीजिंग पडलं. मिंग घराणं गेलं आणि उत्तरेकडून आलेल्या मांचू लोकांचं चिंग घराणं सत्तेवर आलं. पुढची अनेक वर्षं दक्षिण चीनमध्ये लढाया चालू होत्या. जिंगडेझेनहून येणारा माल रोडावला. इकडे हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरातल्या कुंभारांनी ही संधी साधली. बंद पडलेल्या दारूभट्ट्यांच्या जागेत त्यांचे कारखाने उभे राहिले आणि साध्या मातीवर पांढरा लेप देऊन, वर निळी नक्षी काढून चिनी भांड्यांसारखी दिसणारी भांडी निघू लागली.

कंपनीला मात्र खरा माल हवा होता. नवीन राजवट आहे, नवीन सम्राट आहे, तर थेट त्याच्याच दरबारी जाऊन परवानगी मागावी, असं ठरलं.

न्यूहॉफ होता कोण?

योहान न्यूहॉफचा जन्म २२ जुलै १६१८ रोजी यूल्झेन या छोट्या गावात झाला. हे गाव आज जर्मनीत, नेदरलँड्सच्या सीमेजवळ आहे.

१६४० मध्ये, बाविसाव्या वर्षी, तो डच वेस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत ब्राझीलला गेला. ईशान्य ब्राझीलचा भाग तेव्हा डचांच्या ताब्यात होता. तिथला गव्हर्नर योहान मॉरिट्स याला कलेची आणि निसर्गाची आवड होती. फ्रान्स पोस्ट आणि आल्बर्ट एकहाउट हे डच चित्रकार त्याच्याच पदरी राहून तिथली झाडं, माणसं, ऊसमळे रंगवत होते. न्यूहॉफ स्वतः व्यापाराच्या कामावर होता. पण परका मुलूख नुसता लुटायचा आणि विकायचा नसतो, तो कागदावर उतरवूनही घ्यायचा असतो, ही रीत त्याच्या आजूबाजूला होती. तो तिथे १६४९ पर्यंत राहिला.

काही वर्षांनी त्यानं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी धरली आणि १६५४ मध्ये बटावियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला पोहोचला. तिथेच त्याला चीनच्या शिष्टमंडळात घेण्यात आलं.

पीटर दे गोयर आणि याकोब दे कायझर हे दोघे व्यापारी कंपनीचे राजदूत होते. न्यूहॉफचं पद होतं कारभाऱ्याचं. मुक्काम कुठे, जेवण काय, सामान कुठे, हे सगळं त्याच्याकडे. त्याच्यावर आणखी एक काम सोपवलं होतं. वाटेत लागणारी शहरं, गावं, नद्या, किल्ले, देवळं आणि महत्त्वाच्या इमारती जशा दिसतात तशा काढून आणायच्या.

हा आदेश मौजेखातर नव्हता. कंपनीला चीनच्या आतल्या भागाची माहिती हवी होती. कुठली नदी कुठे जाते, कुठल्या शहराला किती मोठी तटबंदी आहे, बाजार कुठे भरतो. एक प्रकारे ही व्यापारासाठीची पाहणी होती, फक्त ती चित्रांत करायची होती.

सहा महिने कँटनमध्ये

१६५५ च्या जून महिन्यात शिष्टमंडळ बटावियाहून निघालं आणि त्याच वर्षी कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला पोहोचलं.

तिथे त्यांना थांबवण्यात आलं. बीजिंगहून परवानगी आल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. कँटनचा कारभार बघणारे शांग कशी आणि गेंग जिमाओ हे दोघे सरदार डचांना मेजवान्या देत होते, भेटी घेत होते, पण वेळ जातच होता. थांबायला लागलं जवळपास सहा महिने.

पाचच वर्षांपूर्वी, १६५० मध्ये, याच दोन घराण्यांच्या फौजांनी कँटन जिंकलं होतं आणि तिथे भीषण कत्तल झाली होती. ज्या तंबूंमध्ये रेशमी गालिच्यांवर डचांची सरबराई चालली होती, त्यांच्या पलीकडे ते शहर होतं. न्यूहॉफच्या वर्णनात मेजवानीचा थाटही आहे आणि त्या विनाशाची हकिकतही आहे.

याच मुक्कामातली एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. मेजवानीत डचांना चहा दिला गेला. चहाची पानं पाण्यात घालून पाण्याचा एक तृतीयांश भाग आटेपर्यंत उकळायची, मग त्यात साधारण पाव हिस्सा गरम दूध आणि थोडं मीठ घालायचं आणि सोसवेल तितका गरमागरम प्यायचा, असं त्यानं नोंदवून ठेवलं आहे. दुधाचं प्रमाण बघता हे मांचू लोकांच्या सवयीचं पेय होतं. त्या वेळी हॉलंडमध्ये चहा म्हणजे श्रीमंतांच्या घरातली नवलाई होती.

नदीतून बीजिंगपर्यंत

१७ मार्च १६५६ रोजी ते कँटनहून निघाले आणि १७ जुलैला बीजिंगला पोहोचले. बरोबर चार महिने.

जवळजवळ सगळा प्रवास पाण्यातून झाला. आधी नदीतून उत्तरेला, मग डोंगरातली मेलिंग खिंड ओलांडून पलीकडच्या नदीत. तिथून नानचांग, मग यांगत्से नदीतून नानजिंग, यांगझोऊ आणि त्यानंतर महाकालव्यातून थेट उत्तरेला. बऱ्याच ठिकाणी नावा दोरांनी ओढायला माणसं जुंपलेली असायची.

कारभारी माणसाला यात एक फायदा होता. नाव हळू चालते. काठावरचं शहर समोर येतं, बराच वेळ दिसत राहतं आणि मागे जातं. न्यूहॉफच्या चित्रांत म्हणूनच एक ठरावीक मांडणी दिसते. खाली पाणी, मध्ये लांबच लांब तटबंदी, त्यावर डोकावणारा एखादा मनोरा आणि वर मोकळं आकाश. नावेत बसलेल्या माणसाला दिसेल तेच.

नानजिंगचा मनोरा मात्र त्यानं जवळून पाहिला. पंधराव्या शतकात मिंग सम्राट योंगलनं तो आपल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ बांधायला घेतला होता. उंची साधारण ७८ मीटर, म्हणजे कुतुबमिनारापेक्षाही थोडी जास्त. बाहेरून चकाकणाऱ्या विटा, प्रत्येक मजल्याच्या कोपऱ्याला टांगलेल्या घंटा. आतल्या पायऱ्यांचाही आकडा न्यूहॉफच्या पुस्तकात आहे, १८४.

इमारतींखेरीज त्यानं माणसंही टिपली. नावाडी, भिकारी, रस्त्यावर खेळ करणारे लोक, वेगवेगळ्या थरांतल्या स्त्री-पुरुषांचे पोशाख, वनस्पती, प्राणी. तोपर्यंत युरोपला चीनची माहिती मुख्यतः ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या लिखाणातून मिळत होती. एका प्रवाशानं स्वतः बघून काढलेली इतकी चित्रं युरोपला मिळणं ही नवी गोष्ट होती.

गुडघे टेकले, हाती काय आलं?

बीजिंगमध्ये पुन्हा वाट बघणं आलं. सम्राट शुन्झी तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. दरबारात भेट मिळण्याआधी त्याचे रीतिरिवाज शिकावे लागायचे. सम्राटासमोर तीन वेळा गुडघे टेकायचे आणि प्रत्येक वेळी तीनदा, म्हणजे एकूण नऊ वेळा डोकं जमिनीला लावायचं. याला काउटाउ म्हणतात. डचांनी ते मुकाट्यानं केलं. व्यापार मिळत असेल तर गुडघे टेकायला त्यांची हरकत नव्हती.

दरबारात त्यांची बाजू कोण मांडतंय, हाही प्रश्न होता. दुभाष्याचं आणि सल्लागाराचं काम होतं योहान आडाम शाल या जर्मन जेझुइट पाद्र्याकडे. तो बीजिंगच्या वेधशाळेचा प्रमुख होता आणि सम्राटाच्या मर्जीतला होता. शाल कॅथलिक, त्याच्या पंथाचे संबंध पोर्तुगीजांशी, आणि डच हे प्रोटेस्टंट, पोर्तुगीजांचे शत्रू. त्यानं डचांच्या विरोधात आपलं वजन वापरलं.

ऑक्टोबर १६५६ मध्ये भेट झाली. इतर ठिकाणांहून आलेल्या दूतांबरोबर डचांनाही अंगणात बसवण्यात आलं, दुरून दर्शन झालं. आणि उत्तर मिळालं ते असं : दर आठ वर्षांनी एकदा या, जास्तीत जास्त १०० माणसं आणा, त्यातल्या फक्त २० जणांनी बीजिंगला यायचं. तुमचा देश फार लांब आहे, वाटेत वादळं आहेत, वारंवार यायचा त्रास कशाला घेता, असा काळजीचा सूरही त्यात होता.

मुक्त व्यापाराचा शब्दही नव्हता. कंपनीच्या हिशेबात मोहीम फसली होती. जानेवारी १६५७ मध्ये मंडळी कँटनला परतली आणि तिथून बटावियाला गेली. पुढे १६६२ मध्ये कोशिंगानं डचांना तैवानमधूनही हुसकावलं. हॉलंडहून थेट कँटनला डच जहाजं नियमित जायला लागली ती १७२९ नंतर.

भावाच्या हातात दिलेली वही

१६५८ मध्ये न्यूहॉफ मायदेशी परतला. त्याच्याकडे विकायला ना रेशीम होतं ना भांडी. होत्या त्या टिपणं आणि चित्रं.

ते सगळं त्यानं आपला भाऊ हेंड्रिककडे सोपवलं आणि तो पुन्हा आशियाला निघून गेला. पुस्तक निघालं १६६५ मध्ये, ॲमस्टरडॅममध्ये. प्रकाशक होता याकोब व्हान म्यूर्स. लेखक तेव्हा हजारो मैलांवर होता.

हे पुस्तक म्हणजे त्या काळातला मोठा बार होता. सुमारे १५० चित्रं. त्याच वर्षी फ्रेंच आवृत्ती, १६६६ मध्ये जर्मन, १६६८ मध्ये लॅटिन आणि १६६९ मध्ये इंग्रजी. चार वर्षांत पाच भाषा. मजकुराचा मोठा भाग जेझुइटांच्या आधीच्या ग्रंथांमधून घेतलेला होता. लोकांना ओढून घेतलं ते चित्रांनी.

पण छापील चित्र तयार कसं व्हायचं, हे समजून घेतलं पाहिजे. मूळ रेखाटन थेट छापता येत नसे. आधी ते तांब्याच्या पत्र्यावर उलटं उतरवायचं, मग टोकदार हत्यारानं रेघ न् रेघ कोरायची. कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागद ठेवून यंत्राखाली दाबायचा. चीन पाहिलेला माणूस आणि पत्रा कोरणारा माणूस वेगळे होते. व्हान म्यूर्स स्वतःही ताम्रपट कोरणारा होता. गिऱ्हाईक कशाला भुलतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गिऱ्हाइकाला पूर्वेचा देश म्हटलं की ताडामाडाची झाडं हवी असायची. मोकळं आकाश म्हणजे त्यांना रिकामी जागा वाटायची. मग चित्रांत झाडं आली, ढग आले, पुढच्या बाजूला छत्र्या घेतलेली आणि हातवारे करणारी माणसं आली.

चित्रं निघाली स्वतःच्या प्रवासाला

एकदा छापल्यावर ती चित्रं कुणाच्याच हातात राहिली नाहीत. स्वामित्वहक्काची आजच्यासारखी पद्धत नव्हती. ज्याला हवं त्यानं उचलावं.

डेल्फ्टच्या कुंभारांनी उचललं. न्यूहॉफच्या पुस्तकातले चिनी देखावे त्यांनी निळ्या रंगात फरश्यांवर आणि तबकांवर काढले. म्हणजे बघा, चिनी भांड्यांची नक्कल करणारे डच कारागीर चीनची चित्रं घेत होते एका डच पुस्तकातून. चीन त्यात कुठेतरी होता, पण दोन-तीन हातांपलीकडे.

फ्रान्समध्ये बोव्हेच्या विणकरांनी चीनच्या सम्राटाच्या कथेवर भिंतीला टांगायचे भव्य विणलेले पडदे बनवले, त्यातली काही दृश्यं आणि माणसं याच पुस्तकातून आली. १६७० मध्ये चौदाव्या लुईनं व्हर्सायच्या बागेत निळ्या-पांढऱ्या फरश्यांनी मढवलेला एक महाल बांधला. त्यामागची प्रेरणा नानजिंगच्या मनोऱ्याची असल्याचं मानलं जातं. फ्रान्सच्या थंडीत त्या फरश्या टिकेनात आणि १६८७ मध्ये महाल पाडून टाकला गेला.

लंडनजवळच्या क्यू बागेत १७६२ मध्ये उभा राहिलेला पॅगोडा आजही आहे. चीनमध्ये पॅगोड्याचे मजले सहसा विषम संख्येत असतात. क्यूच्या पॅगोड्याचे मजले मात्र दहा आहेत. अभ्यासक याचा संबंध पुस्तकातल्या त्या दहा मजली चित्राशी जोडतात.

चिनी धाटणीच्या या युरोपियन शैलीला पुढे शिन्वाझरी असं नाव पडलं. अठराव्या शतकात तिची लाट आली. ती युरोपला चीन म्हणून आवडायची, पण तिच्यातला बराचसा भाग युरोपनं स्वतःच घडवलेला होता.

आणि न्यूहॉफ? तो होता केरळात

चित्रं युरोपात गाजत असताना त्यांचा कर्ता भारतात होता.

१६६१ ते १६६३ या काळात डचांनी मलबार किनाऱ्यावरची पोर्तुगीजांची ठाणी एकामागोमाग घेतली. आधी कोल्लम, मग कोची. न्यूहॉफ कोल्लमच्या डच ठाण्याचा प्रमुख झाला. या वेळी त्याच्याकडे पाहणीचं नाही, तर सौद्यांचं काम होतं. त्रावणकोर, कायमकुलमसारख्या राज्यांशी मिरीच्या खरेदीचे करार करायचे, इतरांना मिरी विकू देऊ नये म्हणून दबाव आणायचा. कोल्लमच्या राणीशी झालेल्या त्याच्या भेटीचं एक चित्रही पुढे छापलं गेलं.

बीजिंगमध्ये नऊ वेळा डोकं टेकणारा हा माणूस. इथे त्याच्या मागे कंपनीच्या तोफा होत्या. एकाच कंपनीचा एकच नोकर चीनमध्ये अर्जदार होता आणि मलबारमध्ये अटी घालणारा. डच कंपनी समजून घ्यायची असेल तर ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघावीत.

त्यानंतर तो तुतिकोरिनला गेला. तिथला किनारा मोत्यांसाठी प्रसिद्ध होता. मोत्यांच्या व्यवहारात कंपनीला डावलून स्वतःचा धंदा केल्याचा आरोप त्याच्यावर आला. त्याला कोठडीत टाकलं, बटावियाला पाठवलं, नोकरी गेली. कंपनीचे नोकर स्वतःचा चोरटा व्यापार सर्रास करायचे, पण न्यूहॉफला तो महागात पडला.

१६७० मध्ये तो हॉलंडला परतला. आपलं नाव असलेलं पुस्तक तोवर पाच भाषांत निघालेलं होतं. तरी पोटासाठी त्याला पुन्हा समुद्रावर जावं लागलं. १६७२ मध्ये जहाज मादागास्करला थांबलं असताना तो किनाऱ्यावर उतरला. तो परत आलाच नाही. त्याचं वय तेव्हा ५४ होतं.

दहा वर्षांनी, १६८२ मध्ये, भाऊ हेंड्रिकनं त्याच्या ब्राझील आणि ईस्ट इंडीजच्या प्रवासांचं पुस्तक काढलं.

पॅरिसमध्ये सापडलेली वही

आता सुरुवातीला ठेवलेल्या प्रश्नाकडे येऊ.

१९८४ मध्ये लेओनार्ड ब्लुसे या डच इतिहासकाराला पॅरिसमध्ये एक हस्तलिखित सापडलं. न्यूहॉफनं कंपनीच्या संचालकांसाठी स्वतः तयार केलेली चीन प्रवासाची प्रत, सुमारे ८० चित्रांसह. १९८७ मध्ये ती प्रकाशित झाली आणि तीनशेहून अधिक वर्षांनी मूळ चित्रं आणि छापील चित्रं शेजारी ठेवता आली.

फरक पहिल्या नजरेत कळतो. वहीतली चित्रं साधी आहेत. पाणी, तट, टेकडीची रेघ, एखादी नाव. बरीचशी जागा रिकामी. त्याला जे दिसलं नाही ते त्यानं फारसं भरलेलं नाही. छापील चित्रांत त्याच जागा गजबजल्या आहेत.

त्या आधीच्या काळात अभ्यासक काय म्हणायचे? न्यूहॉफ म्हणजे थापाड्या नसला तरी रंगवून सांगणारा. चीनमधल्या देखाव्यात माड कसे उगवले, असा प्रश्न त्याच्या नावावर टाकला जायचा. वही सापडल्यावर कळलं की बरेचसे माड ॲमस्टरडॅममध्ये उगवले होते.

म्हणून न्यूहॉफची वही परिपूर्ण होती असंही नाही. तो कंपनीचा नोकर होता. कंपनीला कामाचं वाटेल तेच त्यानं आधी पाहिलं. भाषा येत नव्हती, बहुतेक चीन त्यानं नावेतून पाहिला. पण त्याची नजर आणि प्रकाशकाचा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आता दाखवता येतं.

आज याचं काय?

नानजिंगचा मूळ मनोरा आज नाही. ताइपिंग बंडाच्या काळात, १८५६ मध्ये, तो उद्ध्वस्त झाला. २०१५ मध्ये त्याच जागी पोलाद आणि काचेचा नवा मनोरा लोकांसाठी खुला झाला. मूळ इमारत गेल्यावर दीडशे वर्षं जगाकडे तिच्या आठवणी होत्या त्या काही विटांच्या, काही चिनी चित्रांच्या आणि न्यूहॉफच्या पुस्तकातल्या त्या दहा मजल्यांच्या.

आपल्या फोनवर रोज शेकडो फोटो येतात. कुठल्यातरी देशाचे, कुठल्यातरी गर्दीचे, कुठल्यातरी दंगलीचे. काढणारा एक असतो, कापणारा दुसरा, त्यावर मजकूर टाकणारा तिसरा आणि पुढे पाठवणारे आपण. खोटं बोलायचंच असं ठरवलेलं कुणी लागतही नाही. व्हान म्यूर्सला चीनची बदनामी करायची नव्हती, त्याला पुस्तक खपवायचं होतं. त्यासाठी त्यानं गिऱ्हाइकाच्या डोक्यात आधीपासून असलेला चीन कागदावर आणला आणि तो पिढ्यान् पिढ्या टिकला.

न्यूहॉफच्या बाबतीत निदान एक वही उरली, म्हणून तुलना करता आली. ती पॅरिसच्या कपाटात पडून राहिली असती, तर माड अजूनही त्याच्याच नावावर राहिले असते.